घराला कुलूप घालण्यापूर्वी

लग्नाला पन्नास वर्षे लोटल्यावर आणि नातवंडे महाविद्यालयात जाऊ लागल्यावर एखाद्या दांपत्याने नगरपरिषदेच्या कचेरीत जाऊन, तीन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, आपल्या विवाहाची नोंद करावी, हा प्रसंग गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी आता नवलाचा राहिलेला नाही. ज्या काळी हे विवाह झाले त्या काळी मांडवाखाली जमलेली मंडळी हाच पुरावा होता, आणि नोंदणीचा राज्यातील प्रचलित कायदा तर १९९८ सालचा आहे. परंतु अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाने आईवडिलांसाठी अर्ज दाखल केला की तिकडील दफ्तराला जन्माचा दाखला हवा असतो, विवाहाचा दाखला हवा असतो, आणि दोन्हींवरील नावे एकमेकांशी जुळावी लागतात. निजामाच्या अमदानीत, किंवा ती संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, खेड्यावर जन्मलेल्या माणसाच्या जन्माची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून हीच त्याची जन्मतारीख होऊन बसलेली असते. त्याच्या पत्नीची अडचण याहून अवघड असते. माहेरी एक नाव, लग्नात तांदळांत लिहिलेले दुसरे, मतदारयादीत त्याचाच एखादा अपभ्रंश. आणि या सर्व स्त्रिया एकच होत हे शाबीत करण्यासाठी राजपत्रातील प्रसिद्धी, प्रतिज्ञापत्रे आणि नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला यांची जुळवाजुळव करीत महिने निघून जातात.

या खटपटीत घरातील सर्वांचे लक्ष एकाच प्रश्नाकडे लागलेले असते : आईवडिलांना जाता येईल की नाही? कागद पुरे पडले, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील मुलाखत पार पडली, पारपत्रावर शिक्का उमटला, म्हणजे सर्वांना मोठे कार्य सिद्धीस गेल्याचे समाधान वाटते. त्यांनी जावे की नाही, हा दुसरा आणि माझ्या मते पहिला प्रश्न मात्र विचारावयाचा राहूनच जातो. इतके कष्ट करून मिळवलेली परवानगी नाकारणे हा मुलाचा अपमान वाटू लागतो, आणि जे केवळ शक्य झाले होते ते कर्तव्य होऊन बसते. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार सवडीने व्हावा एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

गंगाखेडातून किंवा परभणीतून मुले परदेशी गेली ती पुण्यामुंबईच्या मुलांच्या मागून गेली, आणि तशी जाण्यास कारणे होती. १९६५ मध्ये अमेरिकेने आपला आगमनविषयक कायदा बदलला तेव्हा ज्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना त्याचा लाभ झाला ते बहुतांशी मोठ्या शहरांतील होते. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकातील वृद्ध दांपत्याचे दुःख म्हणून प्रथम त्या शहरांनाच ओळखीचे वाटले. मराठवाड्यात अभियांत्रिकीचे शिक्षण दीर्घकाळ औरंगाबादच्या शासकीय महाविद्यालयापुरते होते. १९८१ मध्ये नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे महाविद्यालय निघाले, १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि त्यानंतरच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा, तलाठ्याचा, अडत दुकानातील मुनिमाचा मुलगा संगणकाच्या कामावर अमेरिकेस जाऊ शकला. तो गेला खरा, पण तेथे कायमचा होण्यास त्याला फार वर्षे लागली. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या हरितपत्रांपैकी (ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना) कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः शेकडा ७ हून अधिक येऊ नयेत असा तेथील दंडक असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबत गेली. आईवडिलांसाठी अर्ज करण्याचा अधिकार तर केवळ नागरिकाला, त्यातही २१ वर्षे पूर्ण झालेल्याला, आहे. हरितपत्रधारकाला तो नाही. मुलाचे हरितपत्र, त्यानंतर सर्वसाधारणतः ५ वर्षांनी नागरिकत्व आणि मग आईवडिलांचा अर्ज, असा हा क्रम आहे. नवी वाट चालण्याची उमेद साठीत असते, दार उघडते तेव्हा सत्तरी उलटलेली असते.

ज्या गावातून निघावयाचे ते गावही विचारात घेतले पाहिजे. परभणीपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आणि गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड लोकांच्या तोंडी दक्षिण काशी आहे. गोदावरीला येथे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. दूरदूरच्या गावांतून माणसे येथे अस्थी घेऊन येतात, घाटावर दशक्रिया होतात. आयुष्याच्या अखेरीस इतरांनी जेथे यावे अशी ज्या गावाची ख्याती, तेथील माणसाने त्याच वयात तेथून निघून जावे, ही गोष्ट मनाला सहज पटणारी नाही. आणि ‘तिकडं काही झालं तर?’ हा प्रश्न म्हातारी माणसे विचारतात तेव्हा त्यांच्या मनात केवळ इस्पितळाचे बिल नसते. घर सोडणे म्हणजे काय हेही या भागाला ठाऊक आहे. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे चीजवस्तू मागे टाकून सरहद्दीपलीकडे भारतीय संघराज्यात आश्रयाला गेली होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर परतली. त्या वेळी जी मुले आईच्या कडेवर होती ती आज ऐंशीच्या घरात आहेत. ते जाणे सक्तीचे होते, आजचे स्वखुशीचे आहे. म्हणूनच आज विचाराला अवकाश आहे आणि त्याची जबाबदारीही आहे.

परदेश म्हणजे एकच देश नव्हे, आणि प्रत्येक देशाने म्हाताऱ्या आईबापांविषयी आपापला निवाडा करून ठेवला आहे. इंग्लंडने ९ जुलै २०१२ पासून नियम इतके कडक केले की, दैनंदिन शुश्रूषेची दीर्घकाळ गरज आहे आणि ती मायदेशी पैसे मोजूनही मिळणे शक्य नाही, असे सिद्ध केल्याखेरीज आईवडिलांना तेथे कायमचे राहता येत नाही. धडधाकट माणसाला ते दार बंदच आहे. ऑस्ट्रेलियात निदान निम्मी मुले तेथे स्थायिक असावी लागतात. त्यानंतरही साध्या मार्गाने प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक सांगितली जाते, आणि लवकरच्या मार्गाला माणशी चाळीस हजार डॉलरांहून अधिक भरणा करावा लागतो. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ त्या मानाने उदार आहे : त्यावर एका वेळी सलग ५ वर्षे राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा आरोग्यविमा उतरवावा लागतो आणि स्थायिकत्वाचा हक्क मिळत नाही.

अमेरिकेत नागरिकाच्या आईवडिलांना संख्येची मर्यादा नाही, एवढी त्या देशाची सवलत मोठी. परंतु हरितपत्र हाती आले म्हणजे सर्व झाले असे मानणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पहिली औषधोपचाराची. पासष्टी उलटलेल्यांसाठी तेथे जी मेडिकेअर नावाची सरकारी विमायोजना आहे, तिच्यात स्वतः तेथे नोकरी न केलेल्या नवागताला प्रवेश मिळतो तो सलग ५ वर्षांच्या वास्तव्यानंतर, आणि तोही हप्ता भरून. तोवरची ५ वर्षे खाजगी विम्यावर काढावयाची असतात. आणि थोड्या मुदतीसाठी गेलेल्यांचा जो प्रवासविमा असतो त्यातून जुने विकार बहुधा वगळलेले असतात. सत्तरीत रक्तदाब किंवा मधुमेह नाही असा माणूस विरळा. दुसरी गोष्ट वास्तव्याची. हरितपत्र हे तेथे राहण्यासाठी दिलेले असते. पूर्वपरवानगीवाचून वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते जाण्याचा संभव असतो, आणि सहा महिन्यांहून अधिक अनुपस्थितीने नागरिकत्वासाठी मोजावयाच्या मुदतीत खंड पडू शकतो. सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे हा जो बेत घराघरांतून आखला जातो, तो पर्यटकाच्या व्हिसावर बसतो, हरितपत्रावर नीट बसत नाही. ज्यांना येथील घर चालते ठेवावयाचे आहे त्यांनी हरितपत्राच्या मागे न लागणेच श्रेयस्कर, असे माझे मत झाले आहे.

येथे राहण्याच्या बाजूने बोलताना मी जाण्याच्या बाजूचे बळ लपवू इच्छित नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर गंगाखेडात उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. पण हृदयावरील पुढच्या उपचारासाठी रुग्णाला मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि ती वाट धरताना शेजारी बसावयास घरचे माणूस नसते. मुलगा फोनवर असतो. तिकडे दुपार असते. तो कचेरीतून उठून मोटारीत जाऊन बसलेला असतो आणि इकडे शेजाऱ्याला विचारीत असतो, ‘काका, पोचले का अण्णा?’ अशी एक रात्र ज्या मुलाने काढली तो पुढच्या आठवड्यात म्हणतो, ‘अण्णा, आई, तुम्ही दोघं आता इकडंच या.’ हे बोलणे प्रेमाचेच असते, आणि त्यात त्याची भीतीही असते. त्याला ‘नाही’ म्हणावयाचे तर त्या भीतीवर काही तोड काढून दिली पाहिजे : रात्री हाकेसरशी येईल असा कोणी, औषधांची व जुन्या अहवालांची एका जागी ठेवलेली नोंद, आणि अडचण वाढलीच तर परभणीस किंवा नांदेडास, इस्पितळाच्या जवळ, बिऱ्हाड हलवण्याची तयारी. ‘इथंच मरायचं’ एवढेच उत्तर देणारा बाप मुलाला झोप लागू देत नाही.

जे गेले त्यांतील कित्येक तेथे सुखाने राहतात आणि कित्येक सहा महिने पुरे होण्याची वाट पाहतात; या फरकाचे कारण शोधू लागलो म्हणजे प्रथम हवामान डोळ्यांपुढे येते, मग भाषा, मग मोटार चालवता न येणे. ही सर्व कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी आणखी एक कारण आहे, आणि ते समजण्यासाठी निवृत्त माणसाचा गंगाखेडातील एक सामान्य दिवस पाहावा. सकाळी घाटापर्यंत फेरी, येताना जनाबाईच्या मंदिरात नमस्कार, नऊ वाजता कोणीतरी अर्ज लिहून घ्यावयास येते, अकरा वाजता बँकेत जुना विद्यार्थी खुर्ची देतो, संध्याकाळी कोणाच्या सोयरिकीत मध्यस्थी. या प्रत्येक ठिकाणी त्याची कोणाला तरी गरज असते. तिकडे मुलाच्या उपनगरातील सुंदर घरात त्याला खोली असते, दूरदर्शनवर मराठी वाहिन्या असतात, आठवड्याला देवळात नेणारे कोणी असते; मात्र तो उठला नाही तरी कोणाचे काही अडत नाही. ‘तिकडं करमत नाही’ हे वाक्य परत आलेला प्रत्येक जण उच्चारतो, त्याचा अर्थ मला असा लागतो.

बाईचे वेगळे असते. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला ती जाते तेव्हा तिचे काम तिच्यासोबतच जाते, आणि पहिली काही वर्षे तीच त्या घराचा कणा होऊन राहते. पुरुषांपेक्षा बायका तिकडे लवकर रुळतात असे जे म्हटले जाते ते बरोबर आहे. परंतु नातू दहाबारा वर्षांचा झाला, त्याची बोलण्याची भाषा इंग्रजी झाली, आणि जेवणाचा डबा शाळेतच मिळू लागला, म्हणजे ते काम संपते. आणि ते संपेल तेव्हा तिचे वय पंच्याहत्तर असेल, याचा हिशोब बोलावणाराही करीत नाही आणि जाणारीही करीत नाही. आजीला बोलावताना घराला तिची गरज आहे हे मोकळेपणाने सांगावे, आणि ती गरज किती वर्षांची आहे हेही सांगावे. प्रेमाला यात कोठेही उणेपणा येत नाही.

गंगाखेडच्या दमा आणि करुंड या दांपत्याची मुलगी जनाबाई लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी गेली, आणि तेथेच तिचे आयुष्य सरले, असे परंपरा सांगते. ज्या घरात ती राबली त्याच घरातील नामदेवांनी आयुष्याच्या उत्तरकाळात जे केले, त्याचा विचार आजच्या प्रश्नाच्या संदर्भात कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात, आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे, दीर्घकाळ राहिले. ते तेथे कोणाच्या आश्रयाला गेले नव्हते. त्यांनी तेथील लोकांशी त्यांच्या बोलीत संवाद साधला, त्या बोलीत पदे रचली, आणि त्यांतील ६१ पदे पुढे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्यांच्या नावाने तेथे संप्रदाय उभा राहिला. वारकरी परंपरा त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीखाली मानते, घुमानचे लोक ती आपल्या गावी मानतात. आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते या ऋणानुबंधामुळेच. संतांचे उदाहरण सामान्यांना लागू करणे धाडसाचे आहे हे मी जाणतो. तरीही एवढे म्हणावेसे वाटते की, उतारवयात परक्या मुलखात जाऊन माणूस परका राहत नाही, याचा मराठी इतिहासातील सर्वांत मोठा दाखला आपल्याच अंगणातला आहे. आणि त्या दाखल्यात काम आधी आहे, वास्तव्य मागून आहे.

त्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिकडे रमलेल्यांची गोष्ट उलगडते. कोणी रविवारच्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवतो, कोणी मंडळाच्या गणपतीची पूजा सांगतो, कोणी परसात मेथी-कोथिंबीर पिकवून चार घरांना पुरवतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत स्थापन झाले ते तरुणांच्या उत्साहावर. आज त्याच मंडळाला ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ हा उपक्रम चालवावा लागतो, कारण १९६५ नंतर गेलेली पिढी तेथेच म्हातारी झाली आहे. त्या पिढीपुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा आहे : मुले अमेरिकेत, भावंडे महाराष्ट्रात, परतावे की राहावे? परतणाऱ्यांचाही आपल्याकडे एक मोठा पूर्वसूरी आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, तेथील चित्रकार दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना भाकरी मोडून देताना चितारले. आणि जवळजवळ सारी कर्ती वर्षे परदेशी काढून हा माणूस १९५५ मध्ये भारतात परतला, नागपुरास राहिला आणि १९६७ मध्ये तेथेच निवर्तला. उतारवयातील परतीलाही धैर्य लागते, कारण ज्या गावी परतावयाचे ते गाव ओळखीचे राहिलेले नसते.

आता जमीनजुमला आणि पैसा. येथे पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अनिश्चित काळासाठी परदेशी राहावयास गेलेला माणूस परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरतो. त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्याला नव्याने पैसे गुंतवता येत नाहीत. वडिलोपार्जित किंवा पूर्वी घेतलेली शेती त्याच्या नावावर राहू शकते, सातबारावरील नाव त्यामुळे पुसले जात नाही. मात्र नवी शेतजमीन त्याला विकत घेता येत नाही, आणि असलेली विकावयाची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणजे जाण्याच्या गडबडीत काळी जमीन विकून टाकली आणि तिकडे करमले नाही म्हणून अनिवासी असतानाच परत घ्यावी म्हटले, तर ती वाट बंद असते. बटईने किंवा ठोक्याने दिलेल्या जमिनीचा व्यवहार तोंडी न ठेवता लिहून ठेवावा. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे हे विसरू नये. कुलमुखत्यारपत्र द्यावयाचे तर जाण्यापूर्वी येथेच, मर्यादित अधिकारांचे आणि नोंदणी करून द्यावे. परदेशात करून पाठवलेल्या मुखत्यारपत्राला ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत येथील मुद्रांक लागतो, आणि त्या मुदतीकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. निवृत्तिवेतन परदेशी राहूनही चालू राहते. नोव्हेंबरातील हयातीचा दाखला भारतीय वकिलातीतून पाठवता येतो, आणि २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ची संगणकीय सोयही झाली आहे. नागरिकत्वाचा विचार सर्वांत शेवटी करावा. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचे नागरिकत्व संपते. त्यानंतर परदेशस्थ नागरिक म्हणून जे पत्र मिळते त्यावर हवे तितके दिवस येऊन राहता येते, मतदान करता येत नाही.

एवढा सर्व विचार करावयास वेळ हवा असतो, आणि बहुतेक घरांत हा निर्णय होतो तो वेळ मुळीच नसताना. अण्णा जातात. मुलगा मिळेल त्या विमानाने येतो, गंगेवर अस्थी विसर्जित होतात, तेरावा होतो. त्याची रजा दोन आठवड्यांची असते आणि परतीचे तिकीट काढलेले असते. त्या दोन आठवड्यांत आईचे काय करावयाचे हे ठरवावे लागते, आणि ‘आईला एकटं कसं ठेवायचं?’ या प्रश्नाला घरातील कोणाकडेच उत्तर नसल्यामुळे घर विकण्याची बोली होते, वारसाच्या फेरफाराबरोबरच हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते, भांडी वाटली जातात. त्या दिवसांत तिला विचारले तर ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते. ती संमती धरू नये. शोकात बुडालेल्या माणसाचे घर त्याच पंधरवड्यात मोडू नये, हे मला अत्यंत कळकळीने सांगावयाचे आहे. एक वर्ष कोणताही दस्तऐवज करू नये, तिला वाटल्यास सहा महिने पर्यटकाच्या व्हिसावर मुलाकडे राहू द्यावे, आणि तिला राहून पाहू द्यावे.

यासाठी दोघेही हयात असताना, हातपाय चालत असताना, नवराबायकोंनी आपसांत आणि मग मुलांशी बोलून ठेवले पाहिजे, की आपल्यापैकी एकाने मागे राहावयाचे झाले तर ते कोठे. हे बोलणे अशुभ मानून टाळले जाते. दिवाळीत मुले घरी येतात, चार दिवस सर्व एकत्र असतात. फराळ झाल्यावर एखादी दुपार त्यासाठी काढावी. गंगाखेडचे घर पत्नीच्याही नावावर असावे, भाड्याने दिले तरी तिची एक खोली तिच्या सामानासह राखून ठेवावी, कुटुंबनिवृत्तिवेतनाचे खाते तिला एकटीला चालवता यावे, आणि परतीच्या विमानाचे पैसे त्या खात्यात नेहमी शिल्लक असावेत, म्हणजे तिकडे मन लागले नाही तर तिकिटासाठी तिला कोणापाशी शब्द टाकावा लागणार नाही.